चंद्रशेखर वेंकट रामन

आजऱ्याहून आंबोलीच्या वाटेने निघाले आणि घाट उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्यास पोहोचले, म्हणजे डोळ्यांपुढे एकाएकी अथांग समुद्र पसरतो. घाटमाथ्यावरच्या मुलाने हिरण्यकेशीचा प्रवाह पाहिलेला असतो, पावसाळ्यातील ओढे पाहिलेले असतात; परंतु क्षितिजापर्यंत पसरलेले एवढे निळे पाणी त्याने पूर्वी कधी पाहिलेले नसते. तो धावत किनाऱ्याशी जातो आणि ते पाणी ओंजळीत घेतो. पाहतो तो काय, ओंजळीतल्या पाण्याला रंगच नाही! समुद्र निळा आणि त्याचेच ओंजळभर पाणी रंगहीन, हे कसे?

हा प्रश्न आजवर असंख्य माणसांना पडला असेल. त्यांपैकी बहुतेकांनी क्षणभर नवल केले असेल आणि ते आपल्या कामास लागले असतील. १९२१ साली विलायतेहून बोटीने परत येणाऱ्या एका भारतीय प्रवाशालाही हाच प्रश्न पडला. तो मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याने बोटीच्या डेकवर उभे राहून समुद्राची परीक्षा केली, काढलेला निष्कर्ष कागदावर मांडला आणि बोट मुंबई बंदरात येताच तो जगातील शास्त्रज्ञांपुढे ठेवण्यासाठी धाडून दिला. तो प्रवासी म्हणजे थोर भारतीय शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन होत.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली येथे झाला. त्यांचे वडील चंद्रशेखर अय्यर हे गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असत. ते विशाखापट्टण येथील महाविद्यालयात अध्यापक झाले आणि रामन यांचे बालपण त्या समुद्रकाठच्या गावी गेले. घरात ग्रंथांची वाण नव्हती. वडिलांच्या संग्रहातील पुस्तके वाचता वाचता या मुलाला निसर्गाकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवय जडली. वयाच्या अकराव्या वर्षी ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९०४ साली ते बी. ए. झाले. त्या परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला आणि पदार्थविज्ञानाचे सुवर्णपदकही त्यांनाच मिळाले.

एम. ए. च्या वर्गात असताना एकदा रामन प्रकाशाचा एक प्रयोग करीत होते. प्रकाश अरुंद फटीतून गेला, म्हणजे पलीकडे उजेडाचे आणि काळोखाचे पट्टे उमटतात. प्रकाश तिरपा पाडला असता दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे राहत नाहीत, असे रामन यांच्या ध्यानात आले. पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेख त्यांना आढळला नाही. त्यांनी मोजमापे घेतली, कारण शोधले आणि सर्व हकिकत व्यवस्थित लिहून आपल्या प्राध्यापकांच्या हाती दिली. महिने लोटले, तरी त्यांच्याकडून काही उत्तर येईना. तेव्हा या विद्यार्थ्याने धीर करून आपला लेख थेट लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिन या नामांकित नियतकालिकाकडे पाठवला. नोव्हेंबर १९०६ मध्ये तो छापून आला. त्या वेळी रामन अवघे अठरा वर्षांचे होते.

अशा लेखाला शोधनिबंध म्हणतात. वर्तमानपत्रातील बातमीहून तो निराळा असतो. आपण काय पाहिले, कोणत्या साधनांनी पाहिले, कशी मोजमापे घेतली आणि त्यांवरून कोणता निष्कर्ष काढला, हे सर्व त्यात सांगावे लागते. तो वाचून दुसऱ्या देशातील शास्त्रज्ञ तोच प्रयोग पुन्हा करून पाहू शकतो. प्रयोग जुळला, तर शोध पक्का होतो. न जुळला, तर चूक उघडकीस येते. मनात ठेवलेले किंवा वहीत दडवलेले ज्ञान अशा कसोटीला लागत नाही. ही गोष्ट रामन यांना विद्यार्थिदशेतच उमगली आणि ती ते जन्मभर विसरले नाहीत.

त्या काळी आपल्या देशात संशोधनावर पोट भरण्याची सोय जवळजवळ नव्हती. म्हणून १९०७ साली रामन सरकारी अर्थखात्याच्या परीक्षेस बसले. तीतही ते पहिले आले आणि कलकत्त्यास मोठ्या हुद्द्यावर रुजू झाले. त्याच वर्षी लोकसुंदरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. चांगला पगार आणि समाजात मान, असे सर्व काही लाभले होते. दुसरा कोणी असता, तर त्यातच सुख मानून राहिला असता. एके दिवशी ट्राममधून जाताना बहूबाजार रस्त्यावरील एका इमारतीची पाटी रामन यांच्या दृष्टीस पडली. ती विज्ञानाच्या अभ्यासासाठी डॉक्टर महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेल्या संस्थेची होती. संस्थेजवळ इमारत होती, काही उपकरणे होती. पण संशोधन करणारी माणसे फारशी नव्हती. रामन यांनी तेथे काम करण्याची परवानगी मागितली आणि ती आनंदाने देण्यात आली.

तेव्हापासून त्यांचा एक कडक दिनक्रम सुरू झाला. पहाटे उठून प्रयोगशाळेत जावे, तेथून घरी येऊन घाईघाईने जेवावे, दिवसभर कचेरीत हिशेब तपासावेत आणि संध्याकाळी पुन्हा प्रयोगशाळा गाठावी. रात्र बरीच झाल्यावर ते घरी परतत. सुटीचा दिवसही तेथेच जाई. आशुतोष डे नावाचे तेथील एक कर्मचारी त्यांच्या मदतीला असत. डे यांचे विद्यापीठात शिक्षण झालेले नव्हते. परंतु त्यांच्या हातात कसब होते. जे काम दोघांनी मिळून केले, त्याच्या निबंधावर रामन यांनी स्वतःच्या नावाबरोबर डे यांचेही नाव घातले.

मध्यंतरी सरकारी नोकरीमुळे रामन यांची बदली झाली. १९०९ साली ते रंगूनला गेले आणि १९१० साली नागपूरला आले. बदलीच्या गावी प्रयोगशाळा कोठून असणार? पण रामन यांनी त्याची सबब सांगितली नाही. नागपुरास त्यांनी राहत्या घरातच प्रयोगांची मांडणी केली. १९११ साली ते पुन्हा कलकत्त्यास आले आणि जुना क्रम पूर्ववत चालू झाला. त्यांचे निबंध विलायतेतील नियतकालिकांत येत, तसेच कलकत्त्याच्या त्या संस्थेच्या पत्रिकांतही छापले जात.

१९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापक म्हणून बोलावले. सरकारी नोकरीच्या मानाने या पदाचे वेतन पुष्कळच कमी होते. रामन यांनी तरीही अर्थखात्याची नोकरी सोडली. ज्या कामात जीव रमत होता, ते काम आता दिवसभर करता येणार होते. त्यापुढे पैशाचा तोटा त्यांना मोठा वाटला नाही.

१९२१ साली ऑक्सफर्ड येथे भरलेल्या विद्यापीठांच्या परिषदेसाठी रामन प्रथमच विलायतेस गेले. परतीचा प्रवास नारकुंडा नावाच्या बोटीने झाला. भूमध्य समुद्रातून जाताना पाण्याची गर्द निळाई पाहून ते मुग्ध झाले. आकाशाचे प्रतिबिंब पाण्यात पडते, म्हणून समुद्र निळा दिसतो, असे मत त्या काळचे थोर इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी मांडले होते. रामन यांच्याजवळ एक लहानसा लोलक होता. तो विशिष्ट कोनात धरून पाहिले असता पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवता येत असे. रामन यांनी तसे केले. आकाशाचे प्रतिबिंब नाहीसे झाले; आता समुद्राचा रंग फिका पडावयास हवा होता. प्रत्यक्षात तो अधिकच गडद दिसू लागला! म्हणजे ही निळाई आकाशाकडून उसनी घेतलेली नव्हती. ती पाण्याच्या अंतरंगातूनच येत होती. पाण्याचे रेणू सूर्यप्रकाश चहूकडे विखुरतात आणि त्यात निळा प्रकाश अधिक असतो, असा निष्कर्ष रामन यांनी काढला.

हा निष्कर्ष त्यांनी बोटीवरच लिहून काढला. २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे ते टिपण मुंबई बंदरातून इंग्लंडमधील नेचर या साप्ताहिकाकडे पाठवण्यात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासाने या ज्ञानात आणखी भर पडली आहे. पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा भाग थोडाथोडा शोषून घेते. मागे उरलेला निळा प्रकाश पाण्यात विखुरला जाऊन आपल्या डोळ्यांकडे परत येतो. अशा दोन्ही कारणांनी खोल समुद्र निळा दिसतो, असे आता मानले जाते. ओंजळभर पाण्यात हा परिणाम इतका अल्प असतो, की तो डोळ्यांना जाणवत नाही. एका निबंधाने प्रश्न संपतोच असे नाही; पण पुढच्याला पाऊल कोठे टाकावे, हे त्यामुळे कळते.

कलकत्त्यास परतल्यावर रामन आणि त्यांचे विद्यार्थी यांनी द्रव आणि स्फटिक यांच्यातून प्रकाश कसा विखुरतो, याचा कसून अभ्यास आरंभला. ज्यांचे कण एकमेकांना अगदी लागून असतात, अशा द्रव आणि घन पदार्थांना आज संघनित पदार्थ असे म्हणतात. १९२३ साली के. आर. रामनाथन या विद्यार्थ्याला एक विचित्र गोष्ट दिसली. पाण्यात विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाहून निराळ्या रंगाचा एक अतिशय मंद अंश होता. द्रवातील मळामुळे असे घडत असावे, असे प्रथम वाटले. म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करण्यात आला. तरी तो मंद प्रकाश काही जाईना. जानेवारी १९२८ मध्ये वेंकटेश्वरन या दुसऱ्या सहकाऱ्याला शुद्ध ग्लिसरीनमध्ये हिरवट प्रकाश दिसला. तेव्हा रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह या प्रश्नाचा छडा लावण्याचे ठरवले.

प्रयोगाची साधने साधी होती. सूर्याचा प्रकाश भिंगाने एकवटून तो एका रंगीत काचेतून द्रवावर पाडावयाचा. ती काच निळा-जांभळा प्रकाश तेवढा आत सोडी. द्रवातून बाजूला विखुरलेला प्रकाश दुसऱ्या एका काचेतून पाहावयाचा. ही दुसरी काच तो निळा-जांभळा प्रकाश मुळीच जाऊ देत नसे. प्रकाशाचा रंग द्रवात बदलला नसता, तर दुसऱ्या काचेपलीकडे पूर्ण काळोख दिसला असता. तेथे मात्र मंद उजेड दिसला! एकामागून एक अनेक द्रव तपासले. सर्वांत तेच आढळले. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी हा प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला आणि मूळ प्रकाशाहून निराळा असा नवा प्रकाश स्पष्टपणे वेगळा दिसला. प्रकाश रेणूवर आदळतो, तेव्हा कधी कधी आपल्या शक्तीचा थोडा अंश त्याला देऊन बसतो. त्यामुळे त्याचा रंग बदलतो. किती बदल झाला, हे मोजले, की तो रेणू कोणता व त्याची रचना कशी, हे ओळखता येते. यालाच पुढे रामन परिणाम हे नाव मिळाले.

शोध लागला; आता तो जगापुढे मांडण्यात दिरंगाई करून चालणार नव्हते. दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रांना बातमी देण्यात आली. रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाचे टिपण नेचरकडे गेलेले होतेच. ते ३१ मार्च १९२८ च्या अंकात आले. १६ मार्च रोजी रामन यांनी बंगलोर येथे शास्त्रज्ञांच्या सभेत या शोधाचे सविस्तर विवेचन केले. ते व्याख्यान कलकत्त्याच्या इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स या नियतकालिकासाठी तातडीने छापण्यात आले. हे नियतकालिक रामन यांच्याच प्रयत्नाने १९२६ साली सुरू झाले होते. परक्या संपादकाची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते. छापील प्रती टपालाने देशोदेशींच्या शास्त्रज्ञांकडे रवाना झाल्या.

त्याच फेब्रुवारी महिन्यात मॉस्को येथे लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम या दोन रशियन शास्त्रज्ञांनी क्वार्ट्‌झच्या स्फटिकात हाच परिणाम स्वतंत्रपणे पाहिला होता. त्यांचे काम अस्सल होते. परंतु त्यांचा निबंध जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो जुलै महिन्यात. तोपर्यंत रामन यांचे निबंध जगभर वाचले गेले होते आणि इतर देशांतील शास्त्रज्ञ तो प्रयोग स्वतः करू लागले होते. १९३० साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक रामन यांना देण्यात आले. विज्ञानासाठी हा सन्मान मिळवणारे ते पहिले आशियाई होत. कृष्णन यांच्या वाट्याला त्या पारितोषिकाचा भाग आला नाही; परंतु पहिल्या निबंधावरील त्यांचे नाव कायम राहिले आणि पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

१९३३ साली रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. ते पद मिळवणारे ते पहिलेच भारतीय होते. थोरांच्या हातूनही चुका होतात. त्याच वर्षी कमला भागवत या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर तरुणीने संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. ती स्त्री आहे, एवढ्याच कारणाने रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी तो अन्याय मुकाट्याने सोसला नाही. त्या बंगलोरला गेल्या आणि त्यांनी रामन यांना जाब विचारला. अखेर एक वर्ष काम पाहू, अशा अटीवर त्यांना घेण्यात आले. वर्षभरात त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर स्त्रियांनाही खुले झाले. याच कमलाबाई पुढे कमला सोहोनी या नावाने जीवरसायनशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आल्या.

बंगलोरला रामन यांनी आणखी एक मोठे कार्य हाती घेतले. आपल्या देशातील संशोधन परदेशी नियतकालिकांत छापले गेले, तरच त्याला मोल, असा समज तेव्हा रूढ होता. रामन यांना ही गोष्ट सलत असे. ज्या देशाला आपले संशोधन तपासण्याची आणि प्रसिद्ध करण्याची स्वतःची व्यवस्था नाही, त्याचे विज्ञान परक्याच्या अंगणात वाढणारे रोप होय, असे त्यांना वाटे. १९३४ साली त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि तिचे नियतकालिक सुरू केले. त्याचा अंक दर महिन्याला निघे. रामन आपले स्वतःचे उत्तम निबंध तेथेच देऊ लागले. ध्वनीच्या अतिसूक्ष्म लहरींनी द्रवात प्रकाश कसा वळतो, याविषयी नागेंद्रनाथ यांच्यासह मांडलेला त्यांचा प्रसिद्ध सिद्धांत १९३५ सालापासून याच पानांवर आला. तो वाचण्यासाठी जगातील शास्त्रज्ञांना बंगलोरचे अंक मागवावे लागले.

अर्थात छापले गेले म्हणजे ते खरेच, असे नव्हे. स्फटिकातील अणूंच्या कंपनांविषयी रामन यांनी मांडलेले मत जर्मन शास्त्रज्ञ माक्स बॉर्न यांना मान्य नव्हते. हा वाद वर्षानुवर्षे चालला. पुढील प्रयोगांनी बॉर्न यांची बाजू उचलून धरली. रामन यांना ते रुचले नाही आणि त्यांनी आपला हट्ट सोडला नाही. परंतु दोघांचेही निबंध उघडपणे छापलेले असल्यामुळे कोणाचे खरे, हे इतरांना तपासता आले. थोर माणसाची चूकही ज्यामुळे उघडकीस येते, ती ही शिस्त रामन यांनीच आपल्या देशात रुजवली होती.

१९४८ साली त्यांनी बंगलोर येथे स्वतःची संशोधन संस्था उभारली. तेथे हिरे, स्फटिक, फुलांचे रंग यांचा अभ्यास करण्यात त्यांचे उत्तरायुष्य गेले. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा किताब अर्पण करण्यात आला. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगलोर येथेच त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांनी आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला एकच गोष्ट निक्षून सांगितली. अकादमीची नियतकालिके बंद पडू देऊ नयेत. देशात विज्ञान खरोखर रुजत आहे की नाही, हे त्यांवरूनच कळेल, असे त्यांचे सांगणे होते. मृत्यू समोर दिसत असताना त्यांना आपल्या पारितोषिकांची आठवण झाली नाही; चिंता वाटली ती त्या छापील पानांची.

ती नियतकालिके आजही निघतात. रामन परिणामाच्या साहाय्याने आज रत्नांची पारख होते, औषधांची शुद्धता तपासली जाते आणि नवनव्या पदार्थांची रचना उलगडली जाते. १९८७ सालापासून २८ फेब्रुवारी हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. समुद्राचे पाणी ओंजळीत घेऊन नवल करणारी मुले आजही आहेत. त्यांपैकी जो त्या नवलाची परीक्षा करील, दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवील आणि ते इतरांनी तपासावे म्हणून निर्भयपणे पुढे करील, तो रामन यांच्या वाटेवरचा प्रवासी ठरेल.